पंपवाल्याचा फिनलंडचा अल्बम

चौलच्या एका पंप मेकॅनिकच्या दुकानात सदैव एकच अल्बम वाजतो: फिनलंडच्या एका रॉक बँडचा पहिलावहिला. त्यात गायन नाही, केवळ वाद्ये.

“यात शब्द का नाहीत?” मी एकदा विचारले.

“काका, शब्द तर गिऱ्हाईकंच घेऊन येतात की!”

चालू असलेली रचना तो कोणासाठीही मध्येच थांबवत नाही, ग्राहक ताटकळतात. माझ्या सुपारीच्या वाडीला दोन दिवस पाणी नव्हते. घरघरणारा पंप नेला, तेव्हा मात्र त्याने संगीत तत्काळ बंद केले, पंप चालू केला आणि पान्ह्याचे एक टोक पंपाला, दुसरे कानाला लावले.

“बेअरिंग गेलंय.”

तासाभरात पंप दुरुस्त झाला. मग त्याने तीच रचना आरंभापासून लावली. वाडी तहानलेली होती. तरीही रचना संपेपर्यंत मी बाकावरून उठलो नाही.