मेधाचे वाकडे वाडगे

मडकी खपली तर आमच्या घरी तेल यायचं, नाहीतर मीठ-भाकर. माझे वडील कुंभार. बाजारात प्लास्टिकच्या घागरी आल्या आणि नेलेली मडकी तशीच परत यायला लागली, तेव्हा त्यांनी चाक भिंतीला टेकवून ठेवलं आणि दुसऱ्याच्या वीटभट्टीवर कामाला जायला लागले. सुट्टीत आम्ही भावंडंही जायचो. भट्टीत आग जास्त झाली की विटा वितळल्यासारख्या वाकतात, एकमेकींना चिकटतात. त्या गोळ्याला खंगर म्हणतात. तो फोडून रस्त्याच्या खड्ड्यात टाकायचं काम माझ्या आईकडे होतं. त्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. अमेरिकेत येऊन पुरातत्त्व शिकणारा तर अख्ख्या भावकीत पहिला.

यंदा मार्चमध्ये शेजारच्या कॅरी गावाहून शिरीषचा फोन आला. मेधाचा नवरा. "दत्ता, मेधा गेली रे... सकाळीच." मी लॅबमध्ये होतो. "निघतो," एवढंच म्हणालो. फोन ठेवल्यावर मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मनात आलं, आता हिला मागे टाकणं कायमचं राहिलं.

आम्ही दोघं २००३ साली इथे आलो. विद्यापीठ एक, प्राध्यापक एक, लॅबमध्ये टेबलं शेजारी शेजारी. तिचे वडील पुण्यात प्रोफेसर, आई जर्मन शिकवायची, आणि हिने हौस म्हणून अरबी शिकून ठेवलेली. हौस म्हणून! मी इंग्रजी शिकलो ते जुन्या पेपरच्या रद्दीवर. आमच्या टेबलांवर पेट्राच्या खापरांची खोकी असायची. पेट्रा म्हणजे आजच्या जॉर्डनमधलं वाळवंटातलं जुनं शहर. धूप आणि मसाले लादलेल्या उंटांच्या तांड्यांवर ते श्रीमंत झालं. डोंगर कोरून काढलेले तिथल्या इमारतींचे दर्शनी भाग फोटोत सगळ्यांनी पाहिलेले असतात. आमच्या वाट्याला मात्र फुटके वाडगे. अंड्याच्या टरफलाइतके पातळ, आतून लालसर पानाफुलांची नक्षी. तो तुकडा बोटांत धरला की मला कळायचं, हा कारागीर माझ्या बापापेक्षा सरस होता. हे कबूल करायलाही मला वेळ लागला.

दर उन्हाळ्यात उत्खननावर आमच्या लॅबमधून एकच विद्यार्थी जायचा. अरबी येते म्हणून मेधा गेली. पुढच्या वर्षीही मेधाच. मी इथे एअरकंडिशनमध्ये बसून तिने पाठवलेल्या तुकड्यांवर नंबर घालत होतो. ती परत आली, उन्हाने रापलेली, खूष.

"काय मेधाबाई, उंट भेटला का?"

"भेटला ना. तुझीच चौकशी करत होता. म्हणाला, तो फुगलेला कुठाय?"

मी पुढच्या तुकड्यावर नंबर घातला.

त्या खेपेला शहराबाहेरच्या एका टेकाडातले तुकडे आले होते. वाडगे वाकलेले, दोन-दोन तीन-तीन एकमेकांत रुतून बसलेले. मेधाने सेमिनारमध्ये मांडलं की तिथे घर होतं, ते जळालं आणि फडताळातली भांडी आगीत वितळली. प्राध्यापक मान डोलावत होते. मला एका नजरेत कळलं होतं. घराला आग लागली तर भाजलेलं भांडं तडकतं, काळं पडतं. असं मेणासारखं बसत नाही. हे भट्टीतलं खंगर होतं. तिथे घर नव्हतं, तिथे कुंभार होते. मी बोललो नाही. सेमिनार संपल्यावर ती टेबलाशी आली.

"दत्ता, तू मघाशी तोंड वाकडं केलंस. काय चुकलं माझं? सांग ना यार."

"मला काय कळतंय? तिथे तू जाऊन आलीयस."

चार महिने मी गप्प राहिलो. ज्या परिषदेत ती हेच मांडणार होती तिच्या आदल्या दिवशी दुपारी, तिच्या स्लाइड तयार झाल्यावर, सांगितलं. मदत म्हणून नाही. तिचा चेहरा उतरलेला बघायचा होता मला. ती खुर्चीत बसली, एक तुकडा उचलला आणि म्हणाली, "थांब, पहिल्यापासून सांग. आग किती वेळ? वारा कुठून?" दोन तास मला विचारत बसली. वही काढून लिहून घेत होती, माझ्याकडून.

दुसऱ्या दिवशी तिने भर सभेत सांगितलं, "गेले काही महिने मी चुकत होते. माझा मित्र तिथे बसलाय, त्याचे वडील कुंभार आहेत, त्याने मला हे शिकवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. चूक कबूल करूनही टाळ्या तिलाच! आणि माझा बाप कोण हे सांगायचं, तर ते मी सांगितलं असतं, माझ्या वेळेला. पार्किंगमध्ये मी तिला तसं तोडून बोललो. ती म्हणाली, "मला वाटलं तुला बरं वाटेल... सॉरी. पण दत्ता, चार महिने तू मला खड्ड्याकडे चालताना बघत होतास, ते?" मी गाडीत बसून दार लावून घेतलं.

पुढच्या वर्षी ती आजारी पडली आणि तिच्या जागी मी पेट्राला गेलो. पहिल्याच सकाळी चहा करणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, "मेधा कुठाय?" मग खणणाऱ्यांनी विचारलं, मग गाडीवाल्याने. वाळवंटातसुद्धा ती माझ्या आधी पोचलेली! त्या टेकाडात उतरणीच्या बाजूला मी चर घेतला. तिसऱ्या आठवड्यात भट्टीचा गोल तळ लागला. विटांवर काचेसारखा हिरवट थर होता. मी तिथेच खाली बसलो आणि हाताने चाचपून आग कुठल्या तोंडाने घातली असेल ते शोधलं. सापडलं.

परतल्यावर फोटो घेऊन कॅरीला गेलो. केमोने तिचे केस गेले होते, टोपी घालून सोफ्यावर बसली होती. एकेक फोटो तिने डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. शिरीष चहा करायला आत गेला तेव्हा हळूच म्हणाली, "दत्ता, खरं सांगू? जळते आहे मी. हे मला सापडायला हवं होतं." इतकी वर्षं मी हे वाक्य ऐकायची वाट बघत होतो. ऐकलं आणि आनंद झाला, खरंच झाला. दारापर्यंत आलो आणि मग चपलेत पाय जाईना.

मे महिन्यात पदवीदान झालं. विद्यापीठाने मेधाला मरणोत्तर पीएच.डी. दिली. ती घ्यायला शिरीष मंचावर गेला, तेव्हा सगळं सभागृह उठून उभं राहिलं. मीही राहिलो, आणि उभं राहूनसुद्धा मनात मोजत होतो की माझ्या वेळेला किती जण उठतील. कुणी उठलं नाही. मी गेलो, पदवी घेतली, खाली आलो. त्या टेकाडाच्या नोंदीत आता घर नाही, कुंभारांची भट्टी आहे, आणि शोधणाऱ्यांत दोन नावं आहेत. पहिलं मेधाचं आहे. ते मीच तिथे घातलं.