ती फाइल मी उघडली होती

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट ठाऊक नाही — पण गेल्या महिन्यापासून ती आत हलते आहे, एका जागी बसू देत नाही.

बारा-तेरा वर्षं झाली. आमचं घर जबलपूरला, चेरीताल भागात. मोठा भाऊ दारूगोळ्याच्या कारखान्यात, मी कॉलेजात, आणि वहिनी नुकत्याच जवळच्या पाटनहून लग्न होऊन आलेल्या. घरात कम्प्युटर एकच, समोरच्या खोलीत. दादा त्यावर मेल बघायचा, मी बस चालवायचा गेम खेळायचो. आणि वहिनी शिकत होत्या. सुरुवातीला त्या माउस दोन्ही हातांनी धरायच्या. मीच शिकवलं — मेल उघडून दिला, पासवर्ड म्हणजे काय ते सांगितलं. एका शाळेच्या ऑफिसातल्या जागेसाठी त्यांनी स्वतःच्या हातानं फॉर्म भरला, त्या दिवशी घरात शिरा झाला. मुलाखतीचं पत्र त्याच मेलवर येणार होतं.

त्या गेममध्ये मोड टाकता येतात — म्हणजे लोकांनी बनवलेल्या जास्तीच्या गाड्या, रस्ते. मला जबलपूर-नागपूर बस हवी होती. गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर कोणीतरी लिंक टाकली. साइट ओळखीची नव्हती. खाली लिहिलं होतं, अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर मोड चालणार नाही. मला समजत नव्हतं का? समजत होतं. कम्प्युटरनं दोनदा अडवलं, दोनदाही मी पुढे जा म्हटलं. बस काही आली नाही. स्क्रीन क्षणभर काळी झाली, मग पहिल्यासारखी. मी फाइल पुसून टाकली, रिसायकल बिनमधूनही काढली — काहून काढली, सांगा? काही झालंच नव्हतं, तर?

तिसऱ्या दिवशी दादाच्या मेलवरून त्याच्या साहेबांसकट सगळ्यांना घाणेरड्या लिंका गेल्या. वहिनींचा मेल तर उघडेचना, पासवर्ड कोणीतरी बदलला होता. आमचे सगळ्यांचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेले होते, त्या फाइलनं ते उचलून नेले होते. दादाला कारखान्यात लेखी खुलासा द्यावा लागला. घरी आला, बूटही न काढता विचारलं, "कोणी काय उघडलं यात?"

मी खोटं बोललो नाही — हे मी स्वतःला किती वर्षं सांगत आलो. मी फक्त म्हणालो, "वहिनी त्या दिवशी फॉर्म भरून राहिल्या होत्या. कुठं काही दाबलं गेलं असेल."

एवढंच. भरतच होत्या ना त्या फॉर्म?

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — शिकवणारा म्हणतो म्हणजे तसंच असेल, अशा नजरेनं. मग दादाला म्हणाल्या, "माझ्याच हातून झालं असेल. मला कुठं समजते."

दादा ओरडला नाही. "अच्छा. मग राहू दे आता ते," म्हणाला.

पत्र आलं होतं की नाही, कधी कळलं नाही. शाळेत चौकशी केली तेव्हा जागा भरून गेली होती. वहिनी पुन्हा त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. झाडू मारतानाही त्या टेबलाच्या कडेकडेनं जायच्या. मी बघत होतो. कितीतरी दुपारी घरात आम्ही दोघंच असायचो — एका वाक्याचं काम होतं. मी हेडफोन लावायचो.

आज ऑफिसात नव्या लोकांना मीच शिकवतो. अनोळखी फाइल उघडू नका. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड ठेवा. आणि चूक झाली तर लगेच सांगा, लपवू नका — हे शेवटचं म्हणताना मी समोर कोणाकडे बघत नाही.

गेल्या महिन्यात दादानं वहिनींना नवा फोन आणला. मी गेलो होतो. त्यांनी तो खोक्यातून काढला आणि सुरूही न करता माझ्यापुढे धरला.

"भाऊजी, मेलचा पासवर्ड तुम्हीच टाका. मला सांगू पण नका. माझ्याकडून बिघडते, तुम्हाला तर माहीत आहे."

दादा शेजारी चहा पीत होता. मी फोन घेतला. पासवर्ड टाकला. आणि त्यांना सांगितला नाही.