बापूकाका आणि मोडलेली लीग

सकाळी लेक्चरला निघाले होते, तेवढ्यात बापूकाकांच्या घरून काकूंचा फोन आला. "अगं, गेले गं ते..." एवढंच बोलल्या. मी कोटाची बटणं लावत तशीच दारात उभी राहिले. त्याला आता सहा आठवडे झाले. बापूकाका मूळचे नागपूरचे, ओहायोतल्या आमच्या छोट्याशा कॉलेजात तीस वर्षं गणित शिकवायचे. मी पुण्याहून तिथे नोकरीला आले, त्या पहिल्याच दिवशी डबा पुढे सरकवून म्हणाले, "खा ना बाप्पा, लाजतेस कशाला!"

स्वतः काका जन्मात कधी धावले नसतील, पण कॉलेजांच्या स्पोर्ट्स लीगवर प्रतिनिधी म्हणून तेच जायचे, कारण दुसरं कुणी तयारच नव्हतं! आणि मुलींच्या हॉकीत असे गुंतले, की विचारू नका. माकडटोपी घालून प्रत्येक मॅचला हजर. मग लीग मोडायची टूम निघाली. मोठ्या कॉलेजांना दुसऱ्या, नावाजलेल्या लीगमध्ये जायचं होतं. एखादं कॉलेज एकटं बाहेर पडलं तर त्याला दोन वर्षं चॅम्पियनशिप खेळायची बंदी, म्हणून अख्खी लीगच विसर्जित करा म्हणे. पण त्याला प्रत्येक कॉलेजची संमती लागायची. आमच्या कॉलेजचे प्रमुख, म्हणजे प्रेसिडेंट, त्यांनाही फुटबॉलसाठी नव्या लीगचं आमंत्रण होतं. तिथे मुलींची हॉकी नव्हतीच, म्हणजे आमची टीम बंद. काका तीनदा मीटिंगला गेले आणि तीनदा एकटेच 'नाही' म्हणून आले. "ज्या पोरींना आपण बोलावून घेतलं, त्या पास होऊन जाऊ दे, मग मोडा ना," एवढंच त्यांचं मागणं होतं. सीनियर माणूस, त्यांना कोण हलवणार?

मग कॅन्सर निघाला. काका हॉस्पिटलात असताना चौथी मीटिंग आली आणि प्रेसिडेंटनी मला बोलावलं. बापूकाकांच्या जागी तू जा, म्हणाले. आणि त्याच दमात, गोड हसून, माझ्या ग्रीन कार्डाची चौकशी केली. स्पॉन्सर कॉलेजच होतं. मला कळायचं ते कळलं. हॉस्पिटलात गेले तेव्हा धाकधूक होती, काका आता वचन घेणार. त्यांनी विषयच काढला नाही. "स्नो आहे, ड्राइव्ह सांभाळून कर," म्हणाले. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. मीटिंगमध्ये लीग मोडायला 'हो' असेल त्यांनी हात वर करा म्हणाले, मी केला. भित्री कुठली! काका चार दिवसांनी गेले...

गेल्या रविवारी धीर करून काकूंना हे सगळं सांगितलं. त्या पोळ्या लाटत होत्या. "त्यांना ठाऊक होतं," म्हणाल्या. "त्यांनीच प्रेसिडेंटना फोन केला होता, हिला पाठवू नका, हिचं ग्रीन कार्ड अडकलंय, पोरगी पेचात पडेल. तरी तुलाच पाठवताहेत कळल्यावर तोंड फिरवून झोपले. म्हणे, माझ्याच तोंडाने तिची अडचण त्यांना सांगून घात केला मी तिचा. आता तिला काही बोलू नकोस, करू दे हात वर." ओट्याला धरून मी ढसाढसा रडले.

काल काकांचं ऑफिस रिकामं करायला गेले. फळ्यावर त्यांच्या अक्षरात टीममधल्या मुलींची नावं होती, प्रत्येकीपुढे ती पास होणार ते वर्ष. सगळ्यात खाली गोलकीपर, पहिल्या वर्षाची. मी पुस्तकं खोक्यात भरत होते आणि तीच दारात येऊन उभी राहिली. तिने इंग्लिशमध्ये विचारलं, "सगळे म्हणतात, शेवटी प्रोफेसरनीच हो म्हटलं. खरं आहे का?" मतांच्या कागदावर फक्त कॉलेजचं नाव असतं, माणसाचं नाही. गप्प बसले असते तर खपूनही गेलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "ते मी म्हटलं."

ती आत आली. मग फळ्यावरचं स्वतःचं नाव वाचून निघून गेली.