रुमालाखालचा भाव

माझ्या मामापासून मन लपवू शकेल असा माणूस निदान वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात तरी जन्माला आला नव्हता. मामा तिथला अडत्या. त्या काळी त्याच्या गाळ्यावर सौदा तोंडाने होत नसे. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. पटलं नाही तर हात काढून घ्यायचा. भोवतीच्या गर्दीला फक्त रुमालाची हालचाल दिसे. नुसती बोटं चाचपून समोरच्याला मालाची किती निकड आहे, तो घरून भांडून आलाय की काय, फार काय, रात्री काय जेवलाय, हेही मामा ओळखतो अशी बाजारात वदंता होती. मामाने ती कधी नाकारली नाही आणि कबूलही केली नाही. आधी तोंड उघडेल तो बुडाला, हे त्याचं जीवनसूत्र होतं.

हे सूत्र तो घरीही पाळी. फोन वाजला की उचलून कानाला लावायचा आणि गप्प राहायचा. पलीकडचा हॅलो-हॅलो करून घसा कोरडा करी, नाव-गाव सांगे, आणि मग मामा म्हणे, "बोला." चहा घेणार का विचारलं तर, "तुमचं काय?" आई सांगायची, मुलगी बघायला गेला तेव्हाही हा असाच बसून राहिला. पोहे संपले, चहा संपला, मंडळी छताकडे बघू लागली. शेवटी आतून मामीचाच आवाज आला, "मला पसंत हाय म्हनावं. आता तरी बोला!"

अशा माणसाने चाळिशी उलटल्यावर, सकाळचा गाळा धाकट्या भावावर टाकून, माझ्याबरोबर एफ.वाय.बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं तेव्हा सगळी सोसायटी हसली. मला हसू आलं नाही, कारण मला कारण माहीत होतं. आदल्या उन्हाळ्यात मामीच्या आईचं जास्त झाल्याचा निरोप साताऱ्याहून गाळ्यावर आला, तेव्हा मामाचा हात रुमालाखाली होता. हातातला सौदा पुरा करूनच तो उठला. एस.टी. चुकली आणि मामीला आईचं शेवटचं तोंड दिसलं नाही. तेव्हापासून मामी त्याच्याशी बोलेनाशी झाली. डबा वेळेवर, कपडे इस्त्रीचे, शब्द मात्र एक नाही. आणि मामा? मामा ती आधी बोलेल म्हणून वाट बघत होता.

"साऱ्या बाजाराचं मन कळतं गं पोरी," तो मला म्हणाला होता, "घरातलंच कळंना. कॉलेजात शिकवत्यात म्हनं."

पहिल्या दिवशी मामा पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेलाएवढा रुमाल अशा थाटात पहिल्या बाकावर बसला. माझं पुस्तक त्याने हातात घेऊन तोललं, मधलं पान उघडून वास घेतला आणि माल बरा असल्यासारखी मान हलवली. हजेरीला मॅडमनी त्याचं नाव घेतलं तर हा गप्प. त्यांनी पुन्हा पुकारल्यावर मग "हाय" म्हणाला. मॅडम वयाने तशा लहानच होत्या. हा विषय का घेतला, हे त्यांनी प्रत्येकाला विचारलं. सगळा वर्ग बोलून झाल्यावर मामा उठला.

"मॅडम, समोरचं मानूस बोलतच नसंल, तर त्याच्या मनात काय हाय ते वळखायचं कसं?"

वर्ग खिदळला. मॅडम हसल्या नाहीत. "काका, मनातलं असं ओळखता येत नाही. माणसाला विचारावं लागतं."

"विचारायचं? म्हंजे आपुन आधी बोलायचं?"

"हो."

मामा मटकन खाली बसला. उरलेला तास त्याने फळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्याच दुपारी आम्ही मामाच्या घरी गेलो तेव्हा मामी बाल्कनीत मेथी निवडत बसली होती. मामा तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसला. मी दोघांची पुस्तकं सांभाळत दारातच थबकले. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आवाज काही फुटेना. शेवटी त्याने खांद्यावरचा रुमाल काढला आणि मेथीची काडी धरलेल्या मामीच्या हातावर टाकून आत आपला हात सारला. आता जुडी तोंडावर बसते, असं मला वाटलं. पण रुमाल हलू लागला. बराच वेळ हलत राहिला. मामीने हात काढून घेतला नाही. तिचे डोळे भरून आले, तिने ते दंडाला पुसले आणि म्हणाली, "बसलाच हायसा तर चार काड्या निवडा की."

मामा निमूट मेथी निवडू लागला. पुढे मी पुष्कळ धीराची माणसं पाहिली, पण जन्मभराचं सूत्र एकाच दुपारी मोडणारा तो एकटाच.

वर्षअखेर तो मानसशास्त्रात नापास झाला. प्रश्नपत्रिका आधी काही बोलेल म्हणून वाट बघत बसला असावा. मी मात्र तोच विषय धरला आणि पुढे शिकवलाही. मामा गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. परवा मामीकडे गेले, तर त्याच बाल्कनीत ती मेथी निवडत बसली होती. गुडघ्यावर तोच रुमाल, धुऊन धुऊन विरलेला. इतकी वर्षं मनात घोळणारा प्रश्न मी शेवटी विचारला, "मामी, त्या दिवशी मामाने काय विचारलं गं तुला?"

मामीचा हात थांबला. रुमालाची घडी तिने नीट केली.

"सगळंच सांगायचं असतं व्हय पोरी? मग रुमाल कशाला टाकला हुता त्येंनी?"