फळ्यावरचं पहिलं नाव

आमच्या साडूंइतका संशयी माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर हे आधी त्याच्यावर संशय घेतील. पालमच्या एसटीत बसले की कंडक्टरनं दिलेली मोड दोनदा मोजणार, लग्नात आचाऱ्याला गाठून "किलोला किती पुऱ्या काढायलाव?" म्हणून विचारणार. एका अधिक महिन्यात सासूबाईंनी दोघा जावयांना तेहतीस-तेहतीस अनारसे वाण दिले. यांनी पाटावरच मोजले. "एकतीसच हायत!" सासूबाई शरमेनं अर्ध्या झाल्या. ते दोन मी खाल्ले होते, आणि हे त्यांना माझ्या मिशीला लागलेल्या खसखशीवरून कळलं.

मग गावातली एक पतसंस्था एका सकाळी शटर ओढून बसली. कागदावर तिचं एकही कर्ज थकलेलं नव्हतं! कसं थकेल? दर मार्चला नवं कर्ज द्यायचं आणि त्यातूनच जुनं फेडलं म्हणून लिहायचं. याला आमच्याकडे 'नवं-जुनं' म्हणतात. आमच्या पतसंस्थेचीही तीच तऱ्हा, आणि माझ्या लेकीच्या लग्नाची ठेव नेमकी तिथंच. सभासद घाबरले आणि त्यांनी निवृत्त लेखापरीक्षक म्हणून साडूंना देखरेखीवर बसवलं. यांनी नवं-जुनं बंद केलं. तीन हप्ते चुकले की कर्ज थकीत, आणि नाव दारातल्या फळ्यावर!

पहिल्याच महिन्यात फळ्यावर मी. ठेव मोडायला नको म्हणून स्लॅबसाठी कर्ज काढलं होतं आणि सलग चार वर्षं मार्चला नवं-जुनं केलं होतं. मी तणतणत गेलो. "अहो, मी तुमचा साडू!"

"मास्तर, तुमचं कर्ज फिटायलंय का फिटल्यावाणी दिसायलंय?"

मेला हा माणूस! चार महिने मी त्यांच्याशी बोललो नाही.

दिवाळीच्या तोंडावर आवई उठली, आमची पतसंस्थाही बुडाली. ठेवीची पावती घेऊन मी धावलो, तर दारात ही गर्दी. साडू फळ्याखाली खुर्ची टाकून बसलेले. "पैसे न्या खुशाल. पण आधी फळा वाचा. जे अडकलंय ते समदं हितं लिवलंय. बाकीचं जागेवर हाय." लोक वाचू लागले. ज्यांनी मागितले त्यांना पैसे मिळत गेले, तशी दुपारपर्यंत गर्दी पांगली. हुश्श! मी पावती खिशात घातली आणि पहिल्यांदाच फळा नीट पाहिला. माझ्या नावाच्या वर, सगळ्यात पहिलं, साडूंचं नाव होतं. माझ्या कर्जाला जामीन म्हणून त्यांनी स्वतःलाही थकबाकीदार लिहिलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढं सहा महिन्यांत मी कर्ज फेडलं, दोन्ही नावं पुसली गेली, आणि वैशाखात लेकीचं लग्न त्याच ठेवीवर थाटात झालं.

सासूबाई आता नाहीत. साडूंनाही हल्ली नीट दिसत नाही, ते घरीच असतात. यंदाच्या अधिक महिन्यात बायकोनं अनारसे केले. थोडी गंमत करावी म्हणून मी डब्यात मुद्दाम एकतीसच घालून नेले. त्यांनी झाकण काढलं, वास घेतला आणि झाकण लावून टाकलं.

"मोजायचे न्हाईत का?" मी विचारलं.

"तुमी आणलेत नव्हं?"

खिशातले कागदात बांधलेले दोन अनारसे मी डब्यात ठेवले.