सिअ‍ॅटल जवळ, हैदराबाद लांब

मंडळी, आज सकाळपासून डोकं फिरलंय.

लेकीच्या स्थळासाठी पुण्याहून फोन आला होता. मुलाची आई म्हणाली, "पत्रिका छान जुळते हो, पण तुमचं हैदराबाद फार लांब पडतं."

अहो, विमानानं जेमतेम सव्वा तास!

आणि पुढच्याच दमात बाई कौतुकानं सांगतात, "आमच्या मोठ्या सुनेचं माहेर सिअ‍ॅटलला. काही वाटत नाही बघा, आज विमानात बसलं की उद्या पोचतो."

वर विचारलं, "मुलीला मराठी येतं ना? की घरात तेलुगूच?"

चीड आली मला. "नक्को बाई तुमचं स्थळ," म्हणून फोन आपटला.

चिक्कडपल्लीच्या आमच्या घरात सासरे शेजारीच पेपर वाचत बसले होते. नव्वदीला टेकलेत, पण कान शाबूत. म्हणाले, "सूनबाई, मी शाळेत होतो तेव्हा मराठवाडा आणि हैदराबाद एकच राज्य होतं. निजाम गेला, पुढे राज्याची वाटणी झाली आणि मराठवाडा तिकडे गेला. आपण तर जागचे हललोसुद्धा नाही. मग लांब गेलं कोण?"

पुणेकरांनो, आहे उत्तर?