मिठाच्या पाण्यातले बटाटे

माझी सून मुक्ता मायक्रोवेव्हमध्ये कुठला पदार्थ कसा तापतो ते आधी कॉम्प्युटरवर मांडते, मग करून बघते. पण बटाटा काही जुळेना. पडद्यावरचा आतपर्यंत तापायचा, ओव्हनमधला नुसता वरून. "आई, माझंच गणित कच्चं," म्हणत बिचारी पुन्हापुन्हा तपासायची.

आज तिने सोललेले बटाटे ओट्यावर ठेवले आणि काळे पडू नयेत म्हणून मी सवयीने, पण या वेळी तिच्यासमोरच, ते मिठाच्या पाण्यात टाकले.

"अहो आई, हे रोज करता? मिठानेच तर वरचं जास्त तापतं, आत पोचतच नाही. माझ्या गणितात मीठ कुठंय!"

ती हसत सुटली. मला हसू येईना. न सांगता केलेली मायासुद्धा अशी नडते बघा. इतके दिवस त्या गणितापायी तिचे डोळे रडून सुजलेले असायचे, आणि जागरणाने असतील समजून मी आपली रोज म्हणायची, "जरा झोपत जा गं."